मावशीला कुशीवर कोण वळवायचं?

मीठ-मसाला लावून सांगायची मला सवय नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि रात्रीबित्री नाही हं... भरदुपारी. दवाखान्यामागच्या नर्सांच्या क्वार्टरमध्ये, मावशीच्या खोलीत.

मावशी आमच्या गावच्या पहिल्या नर्सांपैकी. मला तिनेच वाढवलं. म्हातारपणी तिची डावी बाजू लुळी पडली. जीभ मात्र शाबूत! "माझे पेशंटसुद्धा तुझ्याएवढे कुरकुरत नव्हते," म्हणायची.

तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे. नाहीतर पाठीला जखमा होतात. सांगायला सोपं आहे हो. रात्रंदिवस मी एकटी, जेवल्यावर डोळा लागायचाच.

त्या दुपारी दचकून उठले. ऊन उतरलं होतं. धावतच खोलीत गेले...

मावशी दुसऱ्या कुशीवर होती.

पाठीशी उशी खोचलेली. चादरीला एक सुरकुती नाही. आणि अभ्र्याचं उघडं तोंड... दाराच्या उलट बाजूला, जुन्या नर्सांच्या शिस्तीप्रमाणे.

मी जन्मात कधी अभ्र्याचं तोंड बघून उशी ठेवलेली नाही.

"कोण आलं होतं गं?"

मावशी भिंतीकडे बघत राहिली. "मोठ्या बाई."

मोठ्या बाई म्हणजे दवाखान्याच्या जुन्या मेट्रन. मावशीला हाताला धरून काम शिकवलं ते त्यांनी. त्यांना जाऊन कैक वर्षं झाली होती.

"काहीतरी बरळू नकोस," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या दाराला आतून कडी घातली आणि जरा आडवी झाले.

उठले तेव्हा कडी तशीच... आणि मावशी वळलेली.

ती रडत होती. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाई शेवटी माझ्याच वॉर्डात होत्या गं. वाचा गेलेली, अंग लुळं. वॉर्ड भरलेला, मी एकटी. मी त्यांना वळवायचेच नाही. नुसती उशी इकडून काढून तिकडे ठेवायचे. डॉक्टर दारातूनच बघायचे, त्यांना वाटायचं वळवलंय."

"मग कुणालाच कळलं नाही?"

"बाईंना कळायचं ना! बघत राहायच्या माझ्याकडे. पाठ सडली त्यांची. त्यातच गेल्या."

मी पदराने तिचे डोळे पुसले.

"तू झोपू नकोस," ती म्हणाली. "तू वळवलंस तर त्या येणार नाहीत. मला त्यांचे हात सोसवत नाहीत. फार हळू लावतात गं..."

पुढच्या दुपारी मी खुर्ची टाकून बसले. वेळ होत आली होती, उठणारच होते.

तेवढ्यात... पलंगाची लोखंडी पट्टी करकरली.

चादरीवरच्या सुरकुत्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. कुणीतरी हाताने सपाट करत असल्यासारख्या. मावशीचा खांदा उचलला गेला. मग कंबर. अगदी सावकाश.

"बाई, चुकले मी. राहू द्या मला अशीच," मावशी हुंदके देत म्हणाली.

उशीवर दोन हलक्या थापा पडल्या... बस.

खरं सांगते, त्यानंतर दुपारी त्या खोलीत पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही. मावशी हाका मारायची. "अगं, ये ना गं!" मी स्वयंपाकघरात कानांवर हात घेऊन बसायचे. माझी मलाच लाज वाटते.

पावसाळा सरता सरता ती गेली. दवाखान्यातली नवी नर्स अंग पुसायला आली. तिने मावशीला वळवलं आणि बघतच राहिली.

"इतके महिने अंथरुणात, आणि पाठीवर एक डाग नाही! किती सेवा केलीत हो तुम्ही!"

शेजारच्या बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी मान खाली घातली आणि "हो" म्हटलं.

अजून लोक लेकीबाळींना माझं उदाहरण देतात. मी गप्प बसते. पण दुपारी अंथरुणाला पाठ टेकवायची म्हटलं की... आधी अभ्र्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघते.