बाबांचे कान ठणठणीत आहेत

मी दार उघडलं तेव्हा मी शेळी होते.

म्हणजे आवाजाने. कार्टूनना आवाज देणं हे माझं काम, आणि सकाळपासून आरशासमोर उभी राहून मी बें बें करत होते. बेल वाजली, त्याच सुरात "कोऽऽण" म्हणत मी दार उघडलं, तर समोर एक उंच, शांत मुलगा. हातात काळी पेटी. तो दचकला नाही. माझ्या ओठांकडे नीट बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "नमस्कार. श्रवणयंत्राच्या दुकानातून आलोय. त्रास... तुम्हालाच होतोय का?"

त्रास बाबांना होत होता. बाबा बस डेपोत निवेदक होते. कुठली गाडी कुठून सुटणार हे त्यांनी उभा जन्म भोंग्यातून ओरडून सांगितलं. त्या दिवशी नाश्त्यानंतर ते कॉम्प्युटरवर बातम्या बघायला बसले, तर माणसं नुसतेच ओठ हलवत होती. बाबांनी ठरवून टाकलं, डेपोने शेवटी आपले कान खाल्लेच. मला न सांगता त्यांनी दुकानात फोन केला. मला काळजी वाटू नये म्हणून. असे आमचे बाबा.

मुलाने पेटी उघडली, बाबांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितलं, टूं आवाज आला की बोट वर करा. बाबांनी प्रत्येक टूंला बोट वर केलं. शेजारच्यांच्या दाराची बेल वाजली, तिलाही केलं.

"काका, तुमचे कान ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा चांगले."

बाबांचा चेहरा पडला. "मग कॉम्प्युटर का बोलत नाही?"

मी धावत कॉम्प्युटरपाशी गेले. आतापर्यंत मी कार्टूनमध्ये फक्त गर्दी केली होती. कड्यावरून पडणाऱ्याची किंकाळी मी, मागच्या कोंबड्याही मीच. पहिल्यांदाच मला वाक्यं असलेली शेळी मिळणार होती. त्यासाठी लांडग्याबरोबरचा एक प्रसंग रेकॉर्ड करून संध्याकाळच्या आत स्टुडिओला पाठवायचा होता. नाही पाठवला तर शेळी दुसऱ्या मुलीला. तिचं बें बें म्हणे फार नैसर्गिक होतं. आणि चित्राला आवाज जुळवायची सगळी सोय होती ती फक्त ह्याच कॉम्प्युटरवर.

"बाबा, काय केलंत?"

"काही नाही गं. कॉम्प्युटर म्हणाला, मदरबोर्डचं फर्मवेअर अपडेट करू का? इतकं नम्रपणे विचारलं... नाही कसं म्हणणार?"

बाबांना कुणी नम्रपणे विचारलं की नाही म्हणता येत नाही. ह्या स्वभावापायी आमच्या घरात दोन व्हॅक्यूम क्लीनर आहेत आणि गालिचा एकही नाही.

त्या मुलाचं काम खरं तर संपलं होतं. पेटी मिटून तो निघायचा, पण त्याने माझ्याकडे बघितलं आणि पेटी परत खाली ठेवली. "कॉम्प्युटरचं मला फार कळत नाही," तो म्हणाला. "ऐकू न येण्याचं मात्र कळतं."

मग आम्ही दोघं टेबलाखाली शिरलो. वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. आवाजाचं ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर काढलं, परत टाकलं. कॉम्प्युटर शांतपणे एकच सांगत होता – आवाजाचं एकही आउटपुट डिव्हाइस सापडलं नाही. बाबांचं मत पडलं की आमचे स्पीकरच किरकोळ आहेत, आणि निवृत्तीच्या वेळी डेपोने भेट दिलेला भोंगा शोधायला ते माळ्यावर चढले.

टेबलाखाली जागा कमी होती. मी बोलले की तो हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायचा, वाक्य संपेपर्यंत बघतच राहायचा. आमच्या घरात, आमच्या धंद्यात सगळे बोलणारेच. असं कुणी माझं ऐकून घेतलं नव्हतं. मला घाम फुटायला लागला.

"तुम्ही सारखं ओठांकडे का बघता?"

"सॉरी... सवय. आमच्याकडे येणाऱ्यांचे ओठच वाचावे लागतात कधीकधी."

"असं? मग सांगा, मी आता काय म्हणतेय." आणि मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले – चहा घेणार?

"हो," तो म्हणाला. "साखर कमी."

चहा झाला तरी कॉम्प्युटर मुकाच. माइकची वायर मात्र यूएसबीची, तिचा कारभार वेगळा, त्यामुळे रेकॉर्डिंग होत होतं. फक्त लांडग्याचे आधीच भरलेले संवाद मला ऐकू येत नव्हते, आणि लांडगा नसेल तर शेळी घाबरणार कुणाला? तो म्हणाला, मी वाचतो. कागदावर होतं, 'थांब शेळे, आज तू माझं जेवण.' त्याने वाचलं, "थांबा... आज तुम्ही माझं जेवण आहात. चालेल ना?"

असा सभ्य लांडगा मी जन्मात बघितला नव्हता. मी हसून हसून खुर्चीवरून घसरले.

तेवढ्यात माळ्यावरून हाक आली आणि तो भोंगा उतरवायला धावला. मी एकटीच राहिले. माइकचा आवाज तपासायचा म्हणून शेळीच्या सुरात जे तोंडात आलं ते बोलून टाकलं. स्क्रीनवर नुसत्या हिरव्या लाटा उमटल्या. ऐकू काहीच आलं नाही, त्यामुळे बोलल्यासारखं वाटलंही नाही.

टेबलावर भोंगा मावेना. बाबांनी तो खिडकीत ठेवला, तोंड रस्त्याकडे. त्याची पिन कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात बसवली. तरी शांतताच. संध्याकाळ जवळ येत होती आणि मी मनातल्या मनात त्या दुसऱ्या मुलीला शेळी देऊन टाकली. हा मात्र खिडकीशी उभा राहून फोनवर शोधत होता. एकदम वळला. कुणा अनोळखी माणसाने लिहून ठेवलं होतं, की अपडेटनंतर मदरबोर्डच्या सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या होतात, आणि त्या गडबडीत कधी आवाजच बंद होऊन बसतो. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहायचं.

पहिल्या वेळी माझं बोट चुकलं. दुसऱ्या वेळी त्याचं. मग दोघांनी एकाच बटणावर बोट ठेवलं आणि... सेटिंगचं निळं पान उघडलं. खाली, कोपऱ्यात, एक ओळ. ऑडिओ कंट्रोलर – बंद. ती चालू केली, सेव्ह केलं. बोटं तिथेच राहिली होती. उचलायची दोघांनाही आठवण नव्हती.

कॉम्प्युटर परत सुरू झाला, माझं सॉफ्टवेअर उघडलं, आणि त्याने नम्रपणे विचारलं, शेवटचं रेकॉर्डिंग ऐकायचं का?

माउस बाबांच्या हातात होता.

भोंगा खरखरला आणि सगळ्या रस्त्याला शेळी ऐकू आली. "लांडगेसाहेऽऽब, तुम्ही किती छान ऐकता हो. मला वाटतं, आयुष्यभर तुम्हाला काहीतरी सांगतच राहावं. रोज या. खायचं नसलं तरी याऽऽ."

समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. मी पडद्यामागे. बाबांनी हळूच भोंग्याची पिन उपटली आणि छताकडे बघत म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही बुवा. कान परत तपासायला हवेत. उद्याच."

तो पेटी उचलायला वाकला होता, तो तसाच थांबला. कान लाल झालेले. मग सरळ उभा राहिला आणि ह्या वेळी त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं.

"तपासणीला नको," तो म्हणाला. "उद्या... तसाच आलो तर?"

शेळीचा आवाज गेला होता. माझा स्वतःचाही येईना. मी पडदा बाजूला केला आणि नुसते ओठ हलवले.

"हो," तो म्हणाला. "साखर कमी."

"हे मात्र," बाबा म्हणाले, "मला खरंच ऐकू आलं नाही."

प्रसंग वेळेत गेला. शेळी मला मिळाली. लांडग्याला पाहून ती इतकी खूश का होते, असं स्टुडिओने विचारलं, आणि तसंच ठेवा म्हणून सांगितलं. आता कॉम्प्युटरने अपडेटचं विचारलं की बाबा चोरासारखे माझ्याकडे बघतात. मी आधी त्या कॉम्प्युटरला मनापासून हात जोडते. मग म्हणते, "हो म्हणा बाबा."