तिसऱ्या हाकेची कडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हातखंब्याजवळच्या आंबापल्पच्या शीतगृहात मी आणि माझा धाकटा भाऊ विनीत प्रोग्रॅम बसवायला गेलो होतो. मे महिना, भरदुपार. काम साधं होतं. थंड खोलीचं दार फक्त बाहेरच्या कडीने उघडतं, म्हणून आत एक स्क्रीन आणि बाहेर टेबलावर एक. आतल्या माणसाने बटण दाबलं की टेबलावर ‘दार उघडा’ उमटायचं आणि घंटी वाजायची. दोन्ही स्क्रीन म्हणजे नुसत्या खिडक्या. डोकं सगळं टेबलाखालच्या सर्व्हरमध्ये. सर्व्हर बंद केला की खिडकी पांढरी.

कडी सांभाळायला हरिश्चंद्रकाका. माझं नि त्यांचं पहिल्यापासून वाजलं.

“बाय, आतून तीनदा हाक आल्याबिगर मी कडी काढत नाय,” ते म्हणाले. “जिता माणूस तीनदा हाक मारतो. त्याला तीन जमत नाय.”

“कोणाला?”

“आत ऱ्हातो त्याला.”

माझं टाळकंच सटकलं. “माणूस गोठून मरेल, आणि तुम्ही बसा हाका मोजत!”

म्हाताऱ्याची खोड मोडायची म्हणून मी प्रोग्रॅमच बदलला. बटण एकदा दाबलं, की सर्व्हर आपणहून तीनदा घंटीची हाक देणार. “घ्या, आता मोजा,” म्हटलं.

काकांनी कडी घट्ट धरली. “ह्या काय केलंस गो बाय...”

विनीत आतली स्क्रीन बसवायला गेला. दार लागलं. थोड्या वेळाने घंटी वाजली. एक. दोन. तीन.

“काका, कडी!”

“नको... ही हाक त्याचीबी असंल.”

“माझा भाऊ आहे आत!” मी त्यांना ढकललं आणि स्वतः कडी ओढली. आंबलेल्या रसाचा वास भपकन अंगावर आला. आत काळोख, डब्यांच्या थप्प्या; त्यांच्या पलीकडचं काही दिसेना. दारात कोणीच नाही.

“कोणाला शोधतेस?”

विनीत माझ्या मागे उभा होता.

“मेल्या, कधी बाहेर आलास? जीव गेला असता माझा!” मला रडूच फुटलं. रागाने मी दार लाथेने लोटलं. कडी आपोआप बसली.

लगेच घंटी वाजली.

काका भिंतीला टेकले. पुन्हा वाजली. विनीत शांतपणे म्हणाला, “बिघडलंय ते. बंद करून टाक.” त्या उकाड्यात माझा ब्लाऊज घामाने भिजला होता, आणि बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

तिसरी घंटी वाजली.

 मी वाकून सर्व्हरची वायर उपटली. त्यातल्या पंख्याची घरघर थांबली. आता टेबलावरची खिडकी पांढरी व्हायला हवी होती.

झाली नाही. ‘दार उघडा’ पुसलं गेलं आणि त्या जागी एकेक अक्षर उमटू लागलं. प्रोग्रॅममध्ये मी कधी लिहिलंच नव्हतं ते.

‘ताई... बोटं हलत नाहीत गं...’

मी कडीकडे झेपावले. माझ्या मनगटावर हात पडला. बर्फासारखा.

“ताई,” तो म्हणाला, “तीनदा झाल्या ना हाका? मग आता घरी चल.”