साप्पोरोहून अठ्ठेचाळीस मिनिटं

वेणूताईंनी पातोडीचं पीठ घाटायला घ्यावं तेव्हा निनाद जपानात साप्पोरोला झेपयानात बसायचा, आणि रस्सा निवायच्या आत नागपूरला त्यांच्या दारात हजर! अंतर सहा हजार दोनशे किलोमीटर. झेपयान वातावरणाच्याही वर उसळी मारायचं आणि अठ्ठेचाळीस मिनिटांत खाली उतरायचं. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाई त्या. पहिल्यांदा त्यांनी तोंडात बोटच घातलं होतं.

पण कसलं कौतुक नि कसलं काय! पूर्वी चौदा तास प्रवास करून पोरगा यायचा, तर चांगला महिनाभर राहायचा. कपाटाचा एक कप्पा त्याच्यासाठी रिकामा असायचा. आता दर महिन्याला यायचा, पण हात हलवत, तासाभरासाठी.

"परवा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे रे," त्या वाढता वाढता म्हणाल्या. "राहतोस दोन दिवस?"

"आई, वेळ कुठे आहे गं? आणि लागलंच काही, तर अठ्ठेचाळीस मिनिटांत येतो की!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सौरवादळ उठलं होतं. वातावरणाच्या वर माणसाला धोका, म्हणून चार दिवस सगळी झेपयानं बंद. निनादने कपाळावर हात मारला.

वेणूताईंना मात्र आनंद लपवता येईना. देव पावला म्हणायचा! त्या तशाच खरकट्या हाताने अंगणात गेल्या आणि कुंपणापलीकडे हाक मारली, "धोटेबाई, परवा दवाखान्यात तुम्ही नका हो येऊ. माझा निनाद आहे!" मग आत येऊन गादीवर धुतलेली चादर घातली, उशीला नवा अभ्रा चढवला, कप्पा पुसून घेतला.

बाहेर येऊन बघतात तर निनाद बूट घालत होता.

"जुनं विमान मिळतंय, दिल्लीवरून. लगेच निघायला हवं."

"त्याला चौदा तास लागतात ना रे?"

"लागू देत. प्रवासात कामं उरकतील."

आईजवळ बसायला ज्याला दोन तास नव्हते, त्याला आईकडून जायला चौदा तास होते! इतकी वर्षं वेणूताई त्या बिचाऱ्या अंतराला बोल लावत बसल्या होत्या. राग आला, रडूही आलं. पण त्यांनी डब्यात चार पातोड्या घालून त्याच्या हातात दिल्या. सवयच ती.

टॅक्सी कोपऱ्यावरून वळली. धोटेबाई कुंपणाशी कपडे वाळत घालत होत्या.

"हे काय, गेला? आणि परवाचं हो?"

वेणूताईंनी पदराने तोंड पुसलं. कुंपणापर्यंतची दहा पावलं चालायला त्यांना बराच वेळ लागला.

"धोटेबाई," त्या खाली बघत म्हणाल्या, "तुमची परवाची सकाळ अजून मोकळी आहे का हो?"