शेवटच्या खुर्चीकडे गेलेलं व्हायोलिन

थोरलीचं कुणी खरं मानलं नाही. सख्ख्या आईनंसुद्धा. पडदेवाले काका ही गोष्ट अंधार पडल्यावरच सांगतात, आणि सुरुवात इथूनच करतात. हॉलवर ते पडदे ओढायचे, ती वादकांच्या कपड्यांना इस्त्री करायची.

तिचा भाऊ घुम्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनच्या शेवटच्या खुर्चीवर बसे. तोंडात मूग, पण हात सोन्याचा. त्या वर्षी एकट्यानं वाजवायचा मान त्याला मिळाला, आणि आठवड्यात तो स्टेजमागच्या लोखंडी जिन्यावरून पडून मेला. प्यायला होता म्हणे! थोरली सांगून दमली की त्याला बाटलीचा वाससुद्धा सोसायचा नाही, कुणीतरी ढकललंय त्याला. आई म्हणाली, "गेला तो गेला. तू तोंड आवर." मान गेला त्याच ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणाऱ्या, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे. जावईबापूंकडे.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. जावईबापू रुमाल घरी विसरले होते, तो द्यायला थोरली विंगेत आली आणि तिथंच थांबली. हॉल गच्च. आई पहिल्या रांगेत. जावई वाजवत होता झकास, खोटं कशाला बोला.

मग तार तुटली.

त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पहिल्या खुर्चीवरचा वादक आपलं व्हायोलिन एकट्यानं वाजवणाऱ्याला देतो, तुटलेलं हातोहात मागे जातं, शेवटचा माणूस नवी तार चढवून परत पाठवतो. हातांना सवयच असते. तसंच ते मागे गेलं. आणखी मागे... शेवटून दुसऱ्या बाईनं न बघताच पाठीमागे धरलं.

कुणीतरी घेतलं.

खुर्ची रिकामी होती. घुम्याच्या आठवणीसाठी मुद्दाम तशी ठेवलेली.

अंधारात खुंटी पिळल्याचा आवाज... कर्र... कर्र...

व्हायोलिन पुढे आलं. नवी तार. सुरात.

जावईबापूंनी ते हनुवटीखाली धरलं. गज टेकवला. मागे पाहिलं...

"त्याला उठवा तिथून," ते पुटपुटले.

कुणी हललं नाही. काकांनी पडदा ओढला.

आई धावत आत आली. जावई घामानं निथळत होता, म्हणून थोरलीनं त्याचा कोट उतरवला. कोट स्वच्छ. आत शर्टावर, पाठीच्या मधोमध, काळा पंजा. पाची बोटं रुतलेली. ढकलताना हात लागतो ना... तिथंच.

थोरलीनं तो शर्ट पोलीस चौकीत टेबलावर अंथरला. फौजदारांनी ओल्या फडक्यानं घासून पाहिला. डाग हलेना. त्यांनी विचारलं, घुम्याला ढकलल्याचा संशय कुणावर?

थोरली तोंड उघडणार, तोच आईनं तिचा हात दाबला. आणि स्वतःच म्हणाली,

"आमचे जावईबापू."