वाण्यानं न घेतलेलं नाणं

"टाकू नका ते. मला द्या."

वेल्ह्याहून भोरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत कुणीतरी मला तिकिटाच्या पैशांत काळं पडलेलं नाणं खपवलं होतं, आणि मी चिडून ते खिडकीबाहेर भिरकावणार होते. बोलणारा विंझरला चढला होता. त्यानं खिशातून भिंग काढून नाणं उलटसुलट पाहिलं.

"नुसतं जळालंय. काय किंमत न्हाई."

"मग मागितलं कशाला?"

"तुमी हिकडं बघावं म्हनून..."

मी तिकीट त्याच्या हातात कोंबलं नि पुढं सरकले. हसू मात्र आवरलं नाही.

तो स्वरूप. भोरात घड्याळं दुरुस्त करायचा आणि बिघडलेली नाणी जमवायचा. मग मीही कंडक्टरच्या बॅगेत एक कप्पा वेगळा ठेवला. वेडंवाकडं नाणं आलं की त्यात टाकायचं, विंझर आलं की काढायचं. विंझर कधी येतं असं व्हायचं मला.

"हे हातोडीनं ठोकलंय," तो भिंग माझ्या डोळ्यापुढं धरायचा. "येक बाजू चेपलीय बघा. ही मान्साची करणी. टांकसाळीतच चुकलेलं असलं, तर त्याला मोल."

"आन मान्सानं बिगडवलेल्याला?"

"ते खराबच. त्याला कोन इचारतंय?"

एकदा त्यानं आपलं लाडकं नाणं दाखवलं. दोन रुपयांचं. ठसा बाजूला सरकलेला, एका कडेला कोरी चंद्रकोर.

"हे केवढ्याला इकनार?"

"इकायचं न्हाई. घरात येईल तिच्या हातात द्यायचं." जरा थांबून म्हणाला, "तिनं घेतलं तर..."

माझे कान तापले. "बसून घ्या, घाट हाय," मी म्हटलं. रस्ता चांगला सरळ होता.

पुढं बाजारच्या दिवशी गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. स्वरूपनं तिकिटाचे सुटे पैसे माझ्या तळहातावर ठेवले आणि हात क्षणभर तसाच राहू दिला. मागून लोक रेटत होते.

"पुढं सरका की," मी ओरडले, आणि न बघता सगळे पैसे मोठ्या कप्प्यात ओतले. शेजारी उभ्या म्हाताऱ्या ठकुबाई अर्ध्या तिकिटाचे दोन रुपये परत मागत होत्या. हाताला लागलं ते नाणं मी त्यांना दिलं. स्वरूप बघत होता. नसरापूरला तो उतरला... भोर यायच्या आधीच.

त्यानंतर तो गाडीला आला नाही. मोटरसायकल घेतली म्हणे. मी ताठ्यानं विचारलं नाही. स्वतः येईल, आला की चांगली खरडपट्टी काढायची, असं ठरवून बसले. वेगळा कप्पा भरत गेला. मग ड्रायव्हर ज्ञानोबाकाकांनीच सांगितलं, स्वरूपचं लग्न ठरलं, पोरगी किकवीची. त्या दिवशी मी दोन तिकिटं चुकीची काढली.

आणि आज ठकुबाई चढल्या, त्या भांडतच.

"खोटं नाणं दिलंस गं मला. वानी घेईना. देवाच्या पेटीत टाकावं म्हनलं, पर देवाला खोटं कसं द्यायचं? तवापासनं तशीच बांधून ठिवलीय पीडा."

त्यांनी पदराची गाठ सोडली. कोरी चंद्रकोर!

बाजारच्या दिवशी स्वरूपनं हेच हातात देऊन विचारलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत मी ते परक्या हातात दिलं होतं. तेच त्याला उत्तर वाटलं असणार. मी ठकुबाईंना चांगले दोन रुपये दिले.

विंझरला रस्त्याकडेलाच मांडव उभा राहत होता. स्वरूप बांबू धरून होता. गाडी थांबली तशी मी दारात आले आणि तळहात उघडला. तो जवळ आला.

"कुठनं आलं हे?"

"आत्ताच मिळालं. त्या दिशी म्या बघितलंच न्हवतं... बघितलं असतं तर दिलं नसतं कुनाला."

त्यानं माझ्या तळहातावरच नाणं बोटानं उलटवून पाहिलं. मांडवातून कुणीतरी त्याला हाक मारली. भिंगाची गरज नव्हती. नाणं टांकसाळीत चुकलेलं होतं, आमचं मात्र आमच्याच हातानं बिघडलेलं होतं.

"येकदा इचारायचं तरी," मी म्हटलं.

"तुमी बी इचारलं न्हाई."

मी नाणं पुढं केलं. त्यानं घेतलं नाही. माझी बोटं एकेक करून मिटवली आणि पहिल्यांदाच नावानं हाक मारली.

"सुप्रिया... ऱ्हाऊ दे. ते तुझंच हाय."

ज्ञानोबाकाकांनी हॉर्न दिला. मूठ न उघडता मी दुसऱ्या हातानं दोरी दोनदा ओढली, आणि गाडी निघाली.