ब्रेकवरचा पाय

गाडीचं पुढचं उजवं चाक काढून मावशींनी ते भिंतीला टेकवलं, नवऱ्याचा जुना शर्ट अंगावर चढवला, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळल्या आणि शिवणाच्या डब्यातला पांढरा खडू खिशात टाकला. कापड असो की लोखंड, खूण केल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. गल्लीतल्या अर्ध्या लोकांचे कपडे त्यांच्या हातून गेलेले, म्हणून त्या शिवणवाल्या मावशी. नवरा जन्मभर पाण्याचे नळ आणि पंप दुरुस्त करत आला, म्हणून तो फिटरकाका.

फिटरकाका घरातून शेडमध्ये उघडणाऱ्या दारात चाकाच्या खुर्चीत बसले होते. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा पाय नेला होता. जीभ मात्र शाबूत होती. "तिला काय होणार? यमसुद्धा तिच्याशी वाद घालायला धजणार नाही," असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

"आधी बॅटरी सोडव," काका म्हणाले.

"सोडवली. तुमच्या शेजारीच ठेवलीय. डोळे गेलेत का तुमचे पण?"

बॅटरी खरंच काकांच्या खुर्चीजवळ फळीवर बसली होती, दोन्ही तारांपासून सुटी.

या सगळ्या उपद्व्यापामागे एक अंगठा होता. मागच्या आठवड्यात काकांच्या उजव्या पायाचा अंगठा हलला होता. इतकासा, झोपेत मांजराचा कान हलावा तसा. फिजिओथेरपीवाली पोरगी टाळ्या पिटत म्हणाली होती, "मावशी, आता एकही दिवस बुडवायचा नाही. हीच वेळ आहे. ही गेली की पाय परत ऐकायचा नाही." तिचं क्लिनिक गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि भाड्याची गाडी खुर्ची बघितली की पुढे निघून जायची. उरली ती ही म्हातारी गाडी. आणि गॅरेजवाल्याने नेमकं तेव्हाच तिच्या पोटात डोकावून सांगितलं, "टायमिंग बेल्टला भेगा पडल्यात. चालवू नका. माझ्याकडे पुढच्या महिन्याशिवाय जमणार नाही."

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाची नाडी. पायजम्याची तुटली तर नुसती फजिती होते, ही तुटली तर आतले दट्टे आणि झडपा एकमेकांवर आपटतात आणि इंजिन कायमचं झोपतं. मावशींना हे सगळं ठाऊक होतं. वीस-बावीस वर्षं या गाडीची कामं नवरा-बायकोने मिळून घरीच केली होती. तो खाली पाना घेऊन, ती ड्रायव्हरच्या सीटवर ब्रेकवर पाय ठेवून. कारण मधल्या एका बोल्टचं काम दोघांशिवाय होत नाही. इंजिनाच्या खालच्या पुलीचा तो बोल्ट इतका घट्ट असतो, की पाना फिरवला की अख्खं इंजिनच सोबत फिरतं. म्हणून गाडी वरच्या गियरमध्ये टाकायची आणि एकाने ब्रेक जीव खाऊन दाबून धरायचा. काका खालून ओरडायचे, "दाब!" आणि "सोड" म्हणेपर्यंत मावशींनी पाय उचलायचा नाही. एकदा शिंक आली म्हणून उचलला होता, तर काकांच्या बोटांची सालं निघाली होती.

आज ब्रेकवर धाकटे भाऊजी बसणार होते. ते सकाळी आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि हसले.

"वहिनी, ब्लाउज उसवणं वेगळं आणि इंजिन उसवणं वेगळं. द्या ना भंगारात."

"भाऊजी, तुमच्या लग्नातला सूट मी चार वेळा उसवून सैल केलाय. तुम्हाला दिलं का भंगारात?"

भाऊजी चहा पिऊन "आलोच" म्हणून गेले ते गेलेच.

उजेडासाठी गाडीचं तोंड रस्त्याकडे केलेलं होतं, पाठ मागच्या भिंतीकडे. मावशींनी इंजिनाखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा लावला. त्याच वेळी ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग करकरली, कुणी अंग सावरून बसावं तशी. त्यांना वाटलं, जॅकने गाडी हलली असेल. काकांनी मात्र मान वळवून गाडीच्या खिडकीकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. काच पुसायला झालीय."

भाऊजींची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मावशींनी एक लाकडी पट्टी आणली आणि ब्रेक आणि सीट यांच्यामध्ये ठोकून बसवली. खाली येऊन पान्याला लोखंडी पाइप जोडला, जोर लावला. पट्टी सटकन निसटली. पुन्हा बसवली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा त्या दार उघडून बघायला गेल्या तर पट्टी खाली पडलेली नव्हती. ती शेजारच्या सीटवर सरळ, नीट ठेवलेली होती, जशी जेवायला बसताना माणूस हातातली वस्तू बाजूला ठेवतो.

"तुम्ही ठेवलीत?" त्यांनी विचारलं, आणि आपण काय विचारलं हे लक्षात येऊन स्वतःच हसल्या.

काका हसले नाहीत. "आज राहू दे ग," ते म्हणाले.

"आणि उद्या? उद्या सकाळी पोचायचंय आपल्याला. तुमचा अंगठा माझ्यासाठी थांबणारे का?"

त्या पुन्हा गुडघ्यांवर बसल्या. कंबर दुखत होती, तळहाताला फोड आला होता, आणि अशा वेळी मावशींना राग येत नसे, चेव येत असे. पाइप दोन्ही हातांनी धरून त्या मोठ्याने म्हणाल्या, "आयुष्यभर तुम्ही मला सांगितलंत. आज मी सांगते. दाबा!"

मागची भिंत लाल झाली.

आधी वाटलं, रस्त्यावरून काहीतरी गेलं. पण तो उजेड तिथेच राहिला. भिंतीवरचे पाइप, टांगलेली बादली, जुना झाडू, सगळं लालसर. ब्रेकचे दिवे लागले होते. मावशींनी बॅटरीकडे पाहिलं. ती फळीवर होती. तिच्यावर एक माशी बसली होती.

हात मात्र पाइपवरच होते, आणि हातांना सवय होती. त्यांनी जोर लावला. इंजिन जागचं हललं नाही. कड् असा आवाज झाला आणि बोल्ट सुटला.

"सुटला!" मावशी ओरडल्या.

काकांच्या कपाळावर घाम होता.

मावशी उठल्या आणि ड्रायव्हरच्या दाराशी गेल्या. सीट रिकामी होती. फक्त मधोमध खोलगट दबलेली. ब्रेकचं पेडल पार खाली गेलेलं, जमिनीला टेकायच्या बेताला. आतून थंड, ओलसर वास येत होता, बरेच दिवस बंद राहिलेल्या माठाच्या तळाचा असतो तसा. त्यांनी श्वास रोखून हात आत घातला, गियर मोकळा केला आणि हात बाहेर घेतला. मनगटावरचे केस उभे राहिले होते.

"बोनेट झाक," काका हळूच म्हणाले. "आत चल."

"बेल्ट अर्धा उघडाय. अर्धवट उसवलेलं टाकून मी कधी उठलेय?"

"अगं, तुला भीती वाटत नाही?"

"वाटतेय की. पण भीती वाटून गाडी सुरू होणारे का?" त्यांनी कपाळावरचा घाम दंडाने पुसला. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "तुमचाच पाय असेल हो. इथे बसल्या बसल्या तिकडे पोचला असेल. वीस वर्षं या गाडीत जीव ओतलात तुम्ही."

हे बोलल्यावर त्यांना बरं वाटलं. काका आपल्या मांडीकडे बघत बसले.

दुपारभर भिंत लालच राहिली. मावशींनी खालच्या पुलीवर आणि वरच्या पुलीवर खुणा जुळवल्या, खडूने रेघा मारल्या, ताण देणारी छोटी पुली सैल केली आणि जुना बेल्ट काढला. तो हातात दुमडला तर भेगा अशा उघडल्या जशा हसताना फुटलेले ओठ. नवा बेल्ट दात न् दात बघून चढवला. ताण दिला. पान्याने इंजिन हाताने दोनदा पूर्ण फिरवलं, कारण चूक असेल तर ती हाताने फिरवताना कळलेली परवडते. रेघा परत समोरासमोर आल्या. एक दातसुद्धा इकडचा तिकडे नाही. काका आपसूक म्हणून गेले, "शाब्बास!" आणि लगेच गप्प झाले, कारण आत सीटची स्प्रिंगही करकरली होती.

शेवटी तो बोल्ट परत घट्ट करायचा होता. मावशींनी गियर टाकला. "दाबा" म्हणायची गरजच नव्हती. पाय अजून तिथेच होता. त्यांनी पूर्ण अंगाचा भार पाइपवर टाकला, आणि बोल्ट बसला.

"झालं. सोडा आता," त्या काकांना म्हणाल्या.

भिंत लालच होती.

"अहो, सोडा ना."

काकांनी आपली मांडी चाचपली. "मी कुठे धरलंय?" ते म्हणाले. "माझा पाय असता तर मला कळलं नसतं का? मला सकाळपासून दिसतंय, खिडकीत कोणीतरी बसलंय. मला वाटलं, तुला सांगितलं तर तू काम टाकशील. मग वाटलं, टाकलंस तर बरं. मग सांगवेना."

"कोण?"

"चेहरा नाहीये ग त्याला. नुसतं बसलंय. कामाला बसलेल्या माणसासारखं."

बाहेर रस्त्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

मावशी दाराशी गेल्या.

सीट दबलेली होती.

पेडल खाली होतं.

त्यांच्या शिवणाच्या खोलीत वर्षानुवर्षं मदतीला बायका येत. कुणी काजं करायची, कुणी बटणं लावायची. दिवेलागणीला मावशी सगळ्यांना एकाच वाक्याने घरी पाठवत. तेच वाक्य आत्ता तोंडातून गेलं, विचार न करता, कामाच्या माणसाशी बोलावं तशा साध्या सुरात.

"झालं बाई आजचं. सोड. उद्या ये."

लाल उजेड गेला. पेडल सावकाश वर आलं. सीटचा खळगा भरत आला, आणि मग स्प्रिंगचा शेवटचा आवाज झाला.

"काय बोललीस तू?" काका म्हणाले.

"सवयीनं गेलं."

"त्याला उद्या ये म्हणालीस?"

मावशी बॅटरी उचलायला गेल्या. ती जोडून त्यांनी चावी फिरवली. म्हातारी गाडी एकदा खाकरली आणि सुरू झाली. आवाज एकसारखा, स्वच्छ, नव्या शिलाई मशीनसारखा. मावशींनी तोंडावर हात ठेवला. त्यांना रडू येत होतं, आणि काकांसमोर रडायचं नाही असं त्यांनी हॉस्पिटलात ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वेळेवर पोचले. रस्ताभर काका ब्रेकच्या पेडलकडे बघत होते. मावशींनी दोनदा त्यांच्या पायाकडे पाहिलं. तो नेहमीसारखा पडलेला होता.

क्लिनिकमध्ये पांढऱ्या टेबलावर काका टेकून बसले, पाय पुढे पसरून. फिजिओवाली पोरगी टेबल आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत स्टुलावर बसली. तिने त्यांच्या उजव्या तळव्याला आपला तळहात लावला.

"चला काका, आज जरा माझ्या हातावर जोर द्यायचा. जमेल तेवढा. नाही जमला तरी चालेल. दाबा."

पाय दाबला गेला.

स्टूल घसरलं आणि तिचा हात मागच्या भिंतीला जाऊन टेकला. पोरीने दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली म्हणून ती सावरली. "अगो बाई!" ती ओरडली आणि हसत सुटली. "काका! मावशी, बघताय ना? अहो, हे कधी झालं?"

मावशी बघत होत्या. घोट्याची शीर तट्ट फुगली होती. कित्येक महिन्यांनी त्या पायात रक्त दिसत होतं, आकार दिसत होता. त्यांनी मनातल्या मनात त्या पायाला चालताना पाहिलं. शेडपर्यंत. गल्लीच्या टोकापर्यंत.

"बास, काका. सोडा."

पाय सुटला नाही.

"काका, कळला तुमचा जोर. सोडा हं." ती अजून हसत होती, पण हात ओढून बघत होती. तळहात भिंत आणि तळवा यांच्यामध्ये अडकला होता. तिची बोटं पांढरी पडायला लागली. "काका, दुखतंय मला."

काकांनी बायकोकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण त्यांना काहीच सांगावं लागलं नाही.

खोलीत तो थंड, ओलसर वास होता.

मावशींना कळत होतं काय बोलायचं. काल बोलल्या होत्या तेच. ते बोलल्या की पोरीचा हात सुटणार होता. आणि ते जे आलं होतं, ते जाणार होतं. मग टेबलावर उरणार होता तो पूर्वीचाच लोळागोळा पाय, आणि वाट बघायला एक अंगठा.

पोरगी आता रडवेली झाली होती.

मावशी पुढे झाल्या. टेबलाशी वाकल्या. पायाच्या अगदी जवळ तोंड नेऊन, लहान मुलाला समजवावं तशा हळू आवाजात म्हणाल्या,

"सोड. पण जाऊ नकोस."

हात सुटला. पोरगी बोटं चोळत, हसू की रडू अशा चेहऱ्याने दुसऱ्या कुणाला बोलवायला बाहेर धावली. टेबलावर उजवा पाय ताठ, तयार, पुढच्या शब्दाची वाट बघत उभा होता.

काकांनी आपला डावा पाय हळूच त्याच्यापासून लांब सरकवला.