ओठावरचा निळा ठिपका

दुकानात शून्य नंबरचा ब्रश एकच उरला होता, आणि त्यावर दोन हात एकदमच पडले.

"मला मावळ्याच्या मिशा रंगवायच्यात," मृणाली ठसक्यात म्हणाली.

"मला डोळे," तो हसला. "बरं, घे तू. पण डोळ्यांपुरता उसना दे हां!"

तो हर्षद. बोटीवर नोकरी करायचा आणि सुट्टीत घरी रत्नागिरीला यायचा. त्यानेच तिला गंगारामकाकांच्या पडवीत नेलं. तिथे दर रविवारी चार हौशी मंडळी जमायची, दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचे मातीचे बोटभर मावळे, कोळणी, होड्या रंगवायची आणि एकमेकांच्या चुका काढायची. काकांचा नियम एकच: 'छान' म्हणायचं नाही.

"छान म्हटलं की बोलणं संपलं," काका म्हणायचे. "काय सुधारायचं ते सांगा." चुकून जो 'छान' म्हणेल, त्याने सगळ्यांना चहा करायचा.

मृणालीच्या चुका काढायला हर्षद सगळ्यांच्या पुढे. रंग पातळ कर गो, थर बसतोय. सावली एकाच बाजूला टाक. आणि दर वेळी... "ब्रश ओठात घालू नकोस!"

टोक जुळवायला ती ब्रश ओठात धरायची. खालच्या ओठावर निळा ठिपका ठरलेला.

"पोटात जाईल रंग."

"जाऊ दे. आतून निळी होईन. तुला काय त्याचं?"

"मला... काही नाही." तो मान खाली घालून मिशा रंगवू लागायचा, आणि त्या हमखास वाकड्या व्हायच्या. तिचे मावळे मात्र आता जिवंत दिसायला लागले होते. त्याने चूक काढावी म्हणून ती मुद्दाम एखादी ठेवूनही देई. त्याच्यावर जीव जडलाय हे तिला कळत होतं, पण बोलायचा धीर होत नव्हता.

सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी हर्षदने तिच्यापुढे एक मातीची मुलगी ठेवली. धक्क्यावर उभी, समुद्राकडे बघणारी.

"आज फक्त तू सांग," तो म्हणाला. "नीट बघ हां."

इतके दिवस ऐकून घेतलेल्याची परतफेड करायची संधी! मृणालीने मुलगी उजेडात धरली.

"ओढणीच्या चुण्या जमल्यात. नजर जरा वर हवी. आणि हे काय... ओठावर निळा डाग पडलाय! पुसून टाक."

"पुसू? नक्की?"

"मग! घाण दिसतोय."

त्याने ओल्या फडक्याने हळूच ठिपका पुसला. मुलगी तिथेच ठेवली आणि चहाला न थांबता निघून गेला.

घरी जाऊन तोंड धुताना मृणालीला आरशात स्वतःचा ओठ दिसला. निळा ठिपका! धक्क्यावरची ती मुलगी म्हणजे आपणच! तिने फोनवर कितीदा लिहिलं, कितीदा खोडलं. असलं समोरासमोरच सांगायचं असतं, अशी तिने मनाची समजूत घातली. मग तो बोटीवर गेला. ती मावळ्यांचे फोटो पाठवायची, तो चुका सांगायचा. त्यापलीकडे दोघंही गेली नाहीत.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर तो पडवीत आला. काकांनी हाक मारली, सगळ्यांनी जागा करून दिली. मृणालीने जपून ठेवलेली ती मुलगी त्याच्यापुढे धरली. ओठावर ठिपका परत होता.

"तो डाग नव्हता, हर्षद," ती कशीबशी म्हणाली. "मला मीच ओळखू आले नाही रे."

त्याने ती घ्यायला हात पुढे केला. तेव्हा तिला त्याच्या बोटातली नवी अंगठी दिसली.

"दसऱ्याला साखरपुडा झाला गो," तो हळूच म्हणाला. "गुहागरची आहे. मला वाटलं, तू... पुसायला सांगितलंस."

एका ओळीचा मेसेज, एवढंच तर तिला करायचं होतं!

"बरं," ती म्हणाली. "आता हिच्यात काय सुधारायचं, सांग. नियम आहे."

त्याने मुलगी पुन्हा तिच्या तळहातावर ठेवली.

"छान आहे," तो म्हणाला.

पडवीत कुणीच हसलं नाही. हर्षद उठला आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायला आत गेला.